गोरीचं गोणपाट

साल दोन हजार तेवीस, आणि माझं वय बहात्तर. कागदावर ते कुठे लिहिलेलं नाही. आई सांगायची, नव्या आगरावर मिठाची पहिली रास पडली त्या महिन्यातला तू; त्यावरून माझं वर्ष मीच ठरवलं आणि आजवर त्यात कुणाला बोट घालू दिलेलं नाही. त्या साली भात कापून झाल्यावरच्या दिवसांत रोह्याजवळच्या वरशातल्या आमच्या पडवीत संध्याकाळचं ऊन तिरपं येऊन पडायचं, पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास वाऱ्यावर रेंगाळायचा, आणि त्या सगळ्या निवांतपणाला एक आवाज सारखा ओरखडत राहायचा. माझी गोरी खाजवत असायची.

गोरी म्हणजे माझं मांजर, पेणखालच्या खाडीकाठी मिठागरावरच्या झोपडीत जन्मलेलं, मिठासारखं पांढरं. आगर बंद पडलं तसा मुलगा मला इकडे घेऊन आला. तो इथल्या कंपनीत शिफ्टला जातो. यायला मी दोनच अटी घातल्या होत्या, मांजर येईल आणि माझं गोणपाट येईल. ज्या गोण्यांत उभा जन्म मीठ भरलं त्यांतलंच ते एक गोणपाट, दुहेरी घडी करून खाटेच्या पायथ्याशी घातलेलं. त्यावर गोरी झोपायची, आणि डोळे मिटले की मला तिथून खाडी यायची, भरतीचं पाणी, तापलेला चिखल, पहाटेच्या उजेडात वाफ्यांवर धरलेली मिठाची पातळ साय.

आता तिच्या मानेवरचे केस गेले होते, पाठीवर खपल्या धरल्या होत्या. खाता खाता मध्येच थांबून ती मागच्या पायाने स्वतःला असं ओरबाडायची की मलाच कुठेतरी सोलल्यासारखं व्हायचं.

"बाबा, रोह्याला जनावरांचा डॉक्टर हाय. दाखवूया ना," सून म्हणाली. "आणि ते गोणपाट टाका बाहेर. पिसवा झाल्या असतील त्यात."

"मिठाच्या गोणीत पिसू जगत नाय गो," मी ठणकावलं. "आणि मांजराला डॉक्टर कशाला? मी मेलो काय?"

आगरावर आमचं सगळं औषध मीठच. पाय भेगाळले, मीठ. अंगाला खाज सुटली, कोमट खारं पाणी. झोंबायचं, पण झोंबलं म्हणजे लागू पडलं असं आम्ही धरून चालायचो. त्याच न्यायाने मी गोरीला घमेल्यात धरून मिठाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. तिच्या उघड्या पडलेल्या कातडीला ते पाणी लागलं आणि ती जे किंचाळली, ते अजून माझ्या कानात आहे. मनगटावर चार ओरखडे काढून ती मधल्या ठेंगण्या भिंतीवरून पलीकडे गेली.

पलीकडे युसूफभाई. मूळचा रोह्याचा, सारं आयुष्य कुवेतला गाडी चालवण्यात गेलेलं. मुलं तिकडेच राहिली, हा परतून एकटा घर सांभाळतो. कायम इस्त्रीचा सदरा, कायम अत्तर. माझं त्याच्याशी कधी भांडण नव्हतं. त्या दिवसापासून मात्र मनात सुरू झालं.

मी दाराआड खुर्ची ओढून बसायचो आणि फटीतून बघायचो. तो गोरीला मांडीवर घ्यायचा, उवांच्या बारीक फणीने सावकाश तिची पाठ विंचरायचा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवायचा, पुन्हा विंचरायचा. आणि ती, जी माझ्या हातून निसटायला मासळीसारखी वळवळली होती, ती त्याच्या मांडीवर डोळे मिटून पसरलेली. तिची घरघर मला ऐकू यायची नाही, पण तिच्या पोटाची लय दिसायची, आणि मला वाटायचं की माझ्याच मालकीचं काहीतरी कुणी भरदिवसा उचलून नेलंय आणि माझ्यादेखत वापरतंय. मी भिंतीवर तळलेली मांदेली ठेवली. ती आली, खाल्ली, मिशा पुसल्या आणि पुन्हा त्याच्याच बाजूला उतरली. तिच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. त्याहून जिव्हारी लागलं ते निराळंच. त्याने तिला नाव दिलं होतं. "नूरी," तो हाक मारायचा, आणि ती मान वळवायची.

पंधरवडा उलटला असेल. तिच्या मानेवर नवी पांढरी लव दिसू लागली, आणि मला आनंद झाला नाही. तिने इथेच, माझ्या हाताखाली बरं व्हायला हवं होतं. एका संध्याकाळी युसूफभाईने भिंतीवरून हाक दिली.

"काय आगरवाले! दाराआडून काय बघताय? या की समोर."

"माझं मांजर बघतो," मी म्हणालो. "बघायची बंदी हाय काय?"

"बंदी कसली? न्या तुमचं तुम्ही. डॉक्टरने मानेवर थेंब टाकलेत, आता नाय खाजवायची. पण ती झोपते ते अंथरूण उकळून घ्या आधी. पिसवांची अंडी त्यातच असतात. नायतर पुन्हा तेच."

"ते अंथरूण नाय, मिठाचं गोणपाट हाय. त्यात पिसू..."

"अहो, त्यातलं मीठ कवाच उडालं असेल!" तो हसला. हसण्यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी आत आलो. उजेड विझत चालला होता, कुठल्याशा शेतात पेंढा पेटवल्याचा धूर येत होता. गोणपाट मी मांडीवर घेतलं. आगरावर माल कसा उतरलाय हे मी डोळ्यांनी कधी ठरवलं नाही, जिभेवर खडा ठेवून ठरवायचो, आणि माझी जीभ चुकली असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. गोणीचा एक धागा उसवून मी जिभेवर ठेवला. धूळ लागली. दुसरा कोपरा, मधली शिवण, सगळीकडे धूळ आणि मांजराचे केस. मग इतकी वर्षं पायथ्याशी जी खाडी यायची, ती कुठून येत होती? ते गोणपाट मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसलो. ते हलकं होतं, फार हलकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सून उठायच्या आधी, मी अंगणात तीन दगड मांडून मोठं पातेलं चढवलं आणि गोणपाट उकळत्या पाण्यात दाबून धरलं. पाणी काळं झालं. वास आला तो नुसत्या ओल्या तागाचा. पिळून ते मधल्या भिंतीवर टाकलं, अर्धं माझ्या बाजूला, अर्धं त्याच्या, कारण सकाळचं ऊन त्याच्या बाजूला आधी येतं. मग इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं. घसा साफ केला, आणि त्या ओल्या गोणपाटावर हात ठेवून, फार मोठ्याने नाही, मी हाक मारली, "नूरी."