तारेला हात लावू नका

"वाकेल की मोडेल?"

हातात येईल त्या वस्तूबद्दल मास्तरांचा पहिला प्रश्न हाच. चमचा असो, छत्रीची काडी असो, पंगतीत पानावर वाढलेली कुरडई असो. दोन बोटांत धरून हलकेच दाबायचे आणि थकल्या आवाजात आपणच उत्तर द्यायचे, "मोडेल." कुरडई मोडायचीच. वाढणाऱ्या बाईंना वाटायचं, पाहुण्यांना तळण आवडलेलं दिसत नाही.

देवासच्या शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवीत आणि मी संस्कृत. मला ते शास्त्रीबुवा म्हणत. आमचं गाव एक, पण संस्थानं दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. मास्तरांचं बिऱ्हाड एका पातीत, शाळा दुसरीत. "रोज सकाळी परराज्यात चाकरीला जातो नि संध्याकाळी दमून मायदेशी येतो," असं ते म्हणत. दम्यानं त्यांना पोखरलं होतं. रस्ता ओलांडला की कुणाच्या तरी ओट्यावर टेकायचे आणि बराच वेळ उठायचे नाहीत.

एकदा दारात उभं राहून मी त्यांचा तास पाहिला. करंगळीएवढी जाड तांब्याची सळई शेगडीत लाल करून निववलेली होती. कन्नौदकडचा, तालमीत जाणारा एक दांडगा मुलगा त्यांनी पुढे बोलावला. त्यानं ती हसत हसत वाकवली. "आता सरळ कर," मास्तर म्हणाले. मुलगा घामाघूम झाला, सळई काही ऐकेना.

"राहू दे भिया. वाकताना ती आतून बदलली. जे झालं ते तिच्या अंगात राहिलं. आता मऊ करायची तर पुन्हा विस्तव हवा."

मुलं हसली. मास्तर खोकत खुर्चीत बसले.

त्यांचा जीव मात्र एका तारेत होता. तुम्ही शाळेतल्या त्यांच्या उपकरणांच्या खोलीत आला असता तर तुम्हाला ती दिसलीही नसती. आढ्यापासून लोंबणारी तांब्याची बारीक तार, खाली वजन, वजनाला काटा आणि काट्यामागे काच, काटा उतरेल तशा मास्तरांनी तिच्यावर ओढलेल्या रेघा. वजन तेच, तार तीच, तरी ती वर्षानुवर्षं अगदी नकळत लांबत होती. हे लांबणं कधी थांबतं का, एवढंच मास्तरांना पाहायचं होतं. शेजारी त्यांच्या हातची पाटी होती: तारेला हात लावू नका.

एका दुपारी ते मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन माझ्या वर्गात आले. हेलियम नावाचा वायू, पृथ्वीच्या आधी सूर्यात सापडलेला, तो परदेशात कुणी थंड करकरून पातळ केला होता.

"पातळ झाला, पण गोठत नाही, शास्त्रीबुवा. एवढी थंडी, तरी लेकाचा बसायला तयार नाही. पुढेमागे गोठलाच, तर त्याची कांडी वाकेल की मोडेल?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. नुसतं कळावं."

मला घरी जायची घाई होती. ते बोलत राहिले, मी पायांत वहाणा सरकवल्या.

खंडेनवमीला आमच्याकडे तलवारींबरोबर शाळेतल्या उपकरणांचीही पूजा होई. तराजू, भिंगं, लोलक, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं. त्या दिवशी मास्तर सकाळपासून तारेपाशी खुर्ची टाकून बसत. एका वर्षी मात्र दम्यानं त्यांना दुपारपर्यंत उठू दिलं नाही. काठी टेकत आले, तेव्हा पाटावर झेंडूच्या फुलांत त्यांची तार वेटोळं करून ठेवलेली होती. चिंचेनं घासून लखलखीत केलेली.

आमचा शिपाई कौतुकानं पुढे झाला. पाटी पोरांसाठी आहे अशी त्याची समजूत होती. "माटसाब, देखो, कितरी चमकई दी. नवमी को दन है, या बिचारी एकली टंगी थी."

 मास्तरांनी वाकून तारेला हळदकुंकू वाहिलं. "अच्छा किया, बाबा," म्हणाले आणि बाकावर बसले.

"पुन्हा टांगू," मी म्हणालो.

"टांगू. पण ही आता ती तार नाही. वेटोळं घातलं तेव्हाच बदलली. नवी घ्यायची, पहिल्यापासून." थोडा वेळ श्वास जुळवला. "तेवढं आयुष्य माझ्यापाशी नाही."

मला शिपायाचा असा संताप आला की मी उठलोच. मास्तरांनी माझा हात धरला. "त्याला सांगू नका. जीव लावून घासलीय त्यानं."

दिवाळीनंतर नवी तार लागली. मेजावर शिपाई चढला, मेजाचा पाय मास्तरांनी धरला. काम झाल्यावर त्यांनी शिपायाला बजावलं, "बाबा, इसकी पूजा खड़े-खड़े ही होती है. उतारना नहीं." मला म्हणाले, "थांबली का, ते तुम्ही पाहा."

पुढच्या उन्हाळ्यात ते धारला बहिणीकडे गेले. तिथूनच ते गेल्याची बातमी आली.

खूप वर्षांनी तसल्याच एका वर्तमानपत्रात वाचलं की हेलियम अखेर गोठला. नुसत्या थंडीनं नाही, जबरदस्त दाबावा लागला. मास्तर असते तर म्हणाले असते, दमला लेकाचा. त्यांना हे सांगता येत नाही याचं मला फार वाईट वाटलं. बातमी मी दोनदा वाचली. वाकतो की मोडतो, ते कुणी लिहिलं नव्हतं.

अंक हातात घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. नवमी नुकतीच होऊन गेली होती. शिपायानं वजनाखाली जमिनीवर ठेवलेलं झेंडूचं फूल सुकलं होतं. काचेवर मास्तरांनी ओढलेली शेवटची रेघ शोधली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काटा तिच्याखाली केसभर उतरला होता.