कंपनीचा फॉरेनचा माणूस

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीला पहिल्यांदा परदेशी ऑर्डर मिळाली, तेव्हा साहेबांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना उभं करून एकच प्रश्न विचारला, "पासपोर्ट कोणाकडे आहे?"

माझ्याकडे होता. माझ्या मेहुण्याने मोबाईलच्या दुकानात पासपोर्टचे अर्ज भरून द्यायचं काम सुरू केलं होतं आणि हात बसावा म्हणून पहिला अर्ज त्याने माझाच भरला होता. माझ्यापेक्षा कामात हुशार असे दोघे जण तिथे उभे होते. त्यातल्या एकाचं इंग्रजीही चांगलं होतं. पण त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. त्या दिवसापासून मी कंपनीचा फॉरेनचा माणूस झालो, तो आजतागायत आहे.

आम्ही साखर कारखान्यांसाठी यंत्रं बनवतो. उसाचा रस आटवून घट्ट झाला की त्यातून साखर आणि मळी वेगळी करणारं, भल्यामोठ्या पातेल्यासारखं गरगर फिरणारं यंत्र. विकलं की ते बसवायला माणूस लागतो. बसवलं की कधीतरी बिघडतं आणि पुन्हा माणूस लागतो. तो मी. केनिया, युगांडा, फिलिपिन्स, व्हिएतनाम आणि सगळ्यात जास्त थायलंड.

पहिल्या वेळी मला वाटेला लावायला पुणतांब्याहून सगळी भावकी आली होती. आईने दही-साखर दिली, चुलत्याने नारळ फोडला, कोणीतरी गळ्यात हार घातला आणि फोटो निघेपर्यंत तो काढू दिला नाही. तिसऱ्या वेळी फक्त बायको दारापर्यंत आली. सातव्या-आठव्या वेळी मी विमानतळावरून फोन केला, म्हटलं, आत्ता बोर्डिंग आहे. ती तिच्या शाळेत वर्गावर होती. म्हणाली, "बरं, येताना कोथिंबीर आणा." मग तिच्या लक्षात आलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

लोकांना वाटतं, विमानाने हिंडणारा माणूस जग पाहतो. मी काय पाहिलं ते सांगतो. विमानतळ, गाडी, हॉटेल, कारखान्याचं फाटक, यंत्र, पुन्हा फाटक, हॉटेल. दोन विमानं बदलून, मान अवघडून मी जिथे उतरतो तिथे मळीचा वास असतो. तोच वास आमच्या घरी हंगामात खिडकी उघडली की फुकट येतो.

बॅगेत माझे कपडे कमी आणि बेअरिंग जास्त असतात. कंपनीचं म्हणणं, पार्सलने पाठवलं तर उशीर होतो, तुम्ही जाताच आहात तर घेऊन जा. त्यामुळे प्रत्येक विमानतळावर कोणीतरी गणवेशातला माणूस माझ्या बनियनमध्ये गुंडाळलेला लोखंडी गोळा दोन्ही हातांनी उचलतो आणि माझ्याकडे बघतो. एकदा अशाच एकाने बेअरिंग लगेच सोडून दिलं, पण शेंगदाण्याच्या चटणीची बरणी अडवली. लाल पूड म्हणजे काय, हे त्याला समजेना. शेवटी मी त्याच्यासमोर चमचाभर चटणी खाऊन दाखवली. मग त्याने दोन सहकाऱ्यांना बोलावलं आणि मला पुन्हा खायला लावली.

जिल्ह्याचं नाव बदलल्यावर आणखी एक गंमत झाली. माझ्या पासपोर्टवर जन्मठिकाण अहमदनगर आणि कंपनीच्या पत्रावर पत्ता अहिल्यानगरचा. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही एका शहरात जन्मला आणि दुसऱ्या शहरात काम करता का?" मी म्हटलं, शहर एकच आहे. "मग तुम्ही नेमके कुठून आलात?" मी सवयीने खरं उत्तर दिलं, "नगरहून." हे तिसरं नाव ऐकून त्यांनी फोन उचलला आणि त्यांच्या वरिष्ठांना बोलावलं. पाऊण तास मी एका बाकावर बसलो होतो. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडे खोटा पासपोर्ट होता आणि त्याचं काम माझ्या आधी आटोपलं.

इकडे घरी काय चाललंय ते मी फोनवर बघायचो. भाचीच्या बारशाला सगळ्यांनी मोठ्या कौतुकाने व्हिडिओ कॉल लावला, फोन नारळाला टेकवून ठेवला आणि कामाला लागले. नारळ कलंडला. तास-दीड तास मी छताचा पंखा पाहिला. पाळणा म्हटलेला ऐकू आला, त्यामुळे नाव काय ठेवलं एवढं कळलं. मुलीच्या विज्ञान प्रदर्शनाला, सासऱ्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला, घराच्या गळक्या टाकीला, सगळ्याला बायको एकटी होती. ती याबद्दल कधी बोलली नाही. फक्त फॉर्मवर वडिलांची सही लागते तिथे माझी सही तीच करायची. पुढे पुढे ती माझ्यापेक्षा चांगली करायला लागली. बँकेने एकदा माझ्याच सहीवर शंका घेतली.

पण गावात मान होता, हे नाकारता येणार नाही. लेकीच्या शाळेत मला "जग पाहिलेला माणूस" म्हणून बोलवलं. शाल दिली, नारळ दिला. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, थायलंडमधले शेतकरी जेवायला काय खातात?" मी म्हणालो, "हॉटेलात बुफे असतो." पोरं हसली नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

तर अशा मानाच्या काळात आपल्याच जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याने आमची यंत्रं घ्यायचा विचार केला. घेण्याआधी ती चालताना बघायला हवीत, असं संचालक मंडळाचं मत पडलं. ती यंत्रं चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या एका कारखान्यात रोज चालत होती. पण शेजारी जाऊन अभ्यास होत नाही. त्यामुळे नऊ संचालकांचा थायलंडला अभ्यास दौरा ठरला. आमचे साहेब म्हणाले, "तुम्ही फॉरेनचा माणूस. तुम्हीच घेऊन जा."

दौरा पाच दिवसांचा होता. त्यात कारखान्यासाठी एक दुपार होती.

नऊ जणांत आठ जण पन्नाशीच्या आसपासचे, पांढऱ्या बुटांतले. नववे आबा. ते उपाध्यक्ष होते, सत्तरी ओलांडलेली, धोतर, टोपी आणि त्यावर मुलाने दिलेलं जर्किन. ते येणार नव्हते, पण अध्यक्षांना मोतीबिंदू झाला म्हणून यादीत आले. बँकॉकला उतरल्यावर अधिकाऱ्याने एकाला येण्याचं कारण विचारलं. तो छाती पुढे काढून म्हणाला, "स्टडी." अधिकाऱ्याने विद्यार्थ्यांचा व्हिसा मागितला. मी धावत गेलो. हे सगळे विद्यार्थी का दिसत नाहीत, हे समजावण्यात माझी वीस मिनिटं गेली.

पुढचे दोन दिवस अभ्यास बाजारातून झाला. आठ जणांनी आठ बॅगा आणखी घेतल्या. आबा हॉटेलच्या पायरीवर बसून येणारी-जाणारी वाहनं बघत होते. मी विचारलं, "आबा, तुम्हाला काही घ्यायचंय का?" ते म्हणाले, "इथं पानी कुटून आनत्यात, ते बगतोय." मला माहीत नव्हतं. मी इतक्या वेळा त्या शहरातून गेलो होतो.

कारखान्याच्या दिवशी पाच जणांचं पोट बिघडलं. राहिले चार. तीन तासांचा रस्ता. पोचल्यावर तिघांनी हेल्मेट घालून यंत्रासमोर फोटो काढले आणि एसीच्या खोलीत चहाला गेले. आबांनी यंत्राच्या काचेतून आत पाहिलं. दोनेक मिनिटं पाहिलं असेल.

"फिरतंय चांगलं," ते म्हणाले. "भाईर ती वाहनांची लाईन कशाची हाय?"

"उसाच्या गाड्या असतील."

"असतील मंजी? तुमी हितं कितींदा आलाय?"

"सहा-सात वेळा."

आबांनी टोपी नीट केली आणि ते फाटकाच्या दिशेने चालायला लागले. मला मागे जावंच लागलं. त्या फाटकातून मी पायी बाहेर पडत होतो तो पहिल्यांदाच.

बाहेर ट्रकची रांग पार वळणापर्यंत गेली होती. एका ट्रकखाली झोळी बांधून एक माणूस पडला होता. आबा धोतर सावरून वाकले, त्याच्याकडे बघून हसले आणि ट्रकमधून एक कांडं ओढून काढलं. दाताने सोललं, चघळलं आणि थुंकलं. मग त्या माणसापुढे चार बोटं धरली. चार दिवसांचा तोडलेला, असं त्यांचं म्हणणं. तो माणूस झोळीतून उठला, त्याने तीन बोटं दाखवली आणि हाताने ती सगळी रांग दाखवली. आबांनी मान हलवली. "आपल्यासारकंच हाय," ते मला म्हणाले.

मग त्यांनी दोन्ही तळहात तराजूसारखे धरले, कारखान्याच्या वजनकाट्याकडे मान वळवली आणि एका तळहातावर हळूच अंगठा दाबला.

त्या माणसाने एवढ्या मोठ्याने हसायला सुरुवात केली की पुढच्या दोन गाड्यांमधली माणसं उतरली. त्याने त्यांना काहीतरी सांगितलं. ती माणसं हसली, आबांकडे बघून अंगठे दाबून दाखवायला लागली. बघता बघता दहा-बारा जण जमले. एकाने उसाला बोट लावून "ऑय" म्हटलं, आबांनी "ऊस" म्हटलं, आणि हे बराच वेळ चाललं. कोणीतरी बांबूच्या टोपलीतला चिकट भात काढला आणि त्याबरोबर कुटलेली मिरची. आबांनी भाताचा गोळा करून मिरचीला लावला आणि तोंडात टाकला.

"ठेचाच हाय की," ते म्हणाले. "लसूण वाइच कमी हाय."

मीही खाल्ला. शाळेतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुढ्यात होतं आणि ते मला सात फेऱ्यांत सापडलं नव्हतं.

परत फाटकाकडे येताना मी धीर करून म्हटलं, "आबा, आपल्या कारखान्याच्या काट्याबद्दलही शेतकरी असंच म्हणतात."

"म्हंतात ना," आबा शांतपणे म्हणाले. "संचालक व्हायच्या आदी मीबी म्हनायचो."

थोडं पुढे गेल्यावर ते थांबले. "तुमी एवढ्यांदा आला आन् ह्या मानसांशी कदी बोलला न्हाई?"

"भाषा येत नाही, आबा."

"मला येती व्हय?"

एसीच्या खोलीत तिघे संचालक चहा पीत होते. आमची वाट बघून त्यांनी आबांची बिस्किटंही खाल्ली होती.

दौऱ्याचा अहवाल मी लिहिला. अकरा पानं झाली. त्यात "सखोल निरीक्षण" हा शब्द सहा वेळा आला आणि त्यावर नऊ जणांनी सह्या केल्या, पोट बिघडलेल्या पाच जणांनी सगळ्यात आधी. वार्षिक सभेत दौऱ्याचा विषय निघाला तेव्हा एका सभासदाने विचारलं, थायलंडला जाऊन कोणता अभ्यास केला? व्यासपीठावर गडबड झाली. आबा उठले आणि म्हणाले, "तिकडंबी लाईन लागती." सभा हसली आणि विषय मंजूर झाला. यंत्रंही आमचीच घेतली. ती बसवायला मी रोज नगरहून एसटीने जात होतो. कंपनीत त्या कामाला कोणी दौरा म्हणत नव्हतं आणि कोथिंबीर आणायला सांगितलं तर मला ती खरोखर आणता येत होती.

पुढच्या हंगामात पुन्हा थायलंड आलं. तोच कारखाना. दुपारी जेवायच्या सुट्टीत कँटीनची गाडी मला न्यायला आली, मी तिला जायला सांगितलं आणि फाटकाबाहेर पडलो. रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली एका बाईची नूडल्सची टपरी होती. पन्नाशीची असेल. मी स्टुलावर बसलो. तिने माझ्याकडे बघितलं, वाडगा भरला, मग तिचा मोबाईल काढला. त्यात ती तिच्या भाषेत बोलायची आणि मोबाईल मराठीत बोलायचा, अगदी आकाशवाणीच्या बातम्यांसारखं.

"आपण कोणत्या देशाचे रहिवासी आहात?" मोबाईल म्हणाला. मी सांगितलं. घरी कोण आहे, तेही सांगितलं. तिने मला तिच्या मुलीचा फोटो दाखवला. मुलगी तैवानला एका कारखान्यात काम करत होती. दोन वर्षांतून एकदा घरी येते. मागच्या वेळी आली तेव्हा तिच्या लेकराने तिला ओळखलं नाही, आजीच्या मागे लपलं. ते लेकरू तिथेच, टपरीमागे पाण्याच्या पिंपाशी खेळत होतं.

मग तिने विचारलं, मी घरापासून किती दिवस लांब आहे. मी जरा जड आवाजात सांगितलं, बारा दिवस.

तिने ते ऐकलं आणि हसू दाबत मोबाईलमध्ये काहीतरी म्हणाली. मोबाईलने गंभीरपणे वाचून दाखवलं, "बारा दिवस म्हणजे आपण बाजारात गेला आहात."

मी नूडल्स खायला लागलो. नूडल्स लई तिखट होते. नाकातून पाणी आलं, तेव्हा तिने न मागता बर्फाचं पाणी आणून ठेवलं आणि पुढच्या ट्रकवाल्याचा वाडगा भरायला गेली.