इथल्याच एकानं केलेली खुर्ची

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात त्याला सगळे ‘माझंकाय’ म्हणत. त्याच्या तोडीचा सुतार तिथे दुसरा नव्हता. पण कुणी कौतुक केलं की गडी लाजून म्हणायचा, “माझं काय त्यात? प्रभूचं कृपादान आहे.” तयार खुर्चीच्या बैठकीखाली करणाऱ्यानं पेन्सिलीनं सही करायची, अशी तिथली रीत. हा कधीच करायचा नाही. मुकादम कपाळाला हात लावायचा. गर्व चोरपावलांनी येतो, याची या गड्याला खरोखरच धास्ती होती. रोज हत्याराला हात लावण्याआधी तो डोळे मिटून तेवढंच मागायचा, मला नम्र ठेव. देवमाणूस, दुसरं काय! पण देवमाणसाच्या घरच्यांचे हाल कुणी विचारत नाही.

वडीलही सुतारच. रंधा धरायला त्यांनीच शिकवलं होतं, टपल्या मारून. आता त्यांची नजर गेली होती, छातीचं दुखणं बळावलं होतं आणि एकच घोर लागला होता, की आपला हात पोरात उतरला की नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. “चाललंय बाबा, ढकलतोय कसंबसं.” म्हाताऱ्याला ते खरंच वाटायचं.

एके दिवशी त्यांनी हट्टच धरला, मला कारखान्यात ने. जेवणाची सुट्टी होती, आत चिटपाखरू नव्हतं. म्हाताऱ्यानं भिंतीलगतच्या खुर्च्या एकेक करून चाचपल्या आणि एकीपाशी ते थांबले. पाठीच्या कमानीवरून बोटं फिरली, मग सांध्यावर आली. सांध्यात नखसुद्धा शिरेना.

“अरे, ही कुणी केली?”

ती त्याचीच होती. उत्तर अगदी ओठावर आलं होतं. पण त्याच क्षणी मनात इतका आनंद दाटला की तो घाबरला. हाच तो गर्व, असं त्याला वाटलं.

“इथल्याच एकानं,” तो म्हणाला.

“त्याच्या बापाचं नशीब थोर,” वडील म्हणाले. खुर्चीवरचा हात बराच वेळ निघेना. मग म्हणाले, “चल घरी.”

तीन आठवड्यांनी ते गेले.

दफन करून सगळे घरी आले तेव्हा मुकादम आईजवळ बसला. “तुमच्या मुलासारखा हात मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही,” तो म्हणाला. “कमानी पाठीच्या खुर्च्या आमच्याकडे हा एकटाच करतो.”

आईनं मान वर करून मुलाकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“कारखान्यातून आले त्या दिवसापासून ते नीट जेवले नाहीत,” ती म्हणाली. “म्हणायचे, त्या पोराला त्याच्या बापानं शिकवलं, मला माझ्या पोराला शिकवता आलं नाही. तुला गर्व करायचा नव्हता, नसता केलास. त्यांना तरी करू द्यायचा होतास रे.”