म्हशीपुढं पळणारा

रंकाळ्यावर आम्ही रोज सकाळी चालायचो. आमच्यातला एक दूधवाला कायम चार पावलं पुढं असायचा आणि बोलतानाही मागं वळायचा नाही. रोज त्याच्या पाठीशी बोलायचं म्हणजे माझं डोकंच फिरायचं. "मागं बघितलं की म्हस थांबती," एवढंच त्याचं उत्तर.

दिवाळी पाडव्याला त्याची सजवलेली म्हैस त्याच्या मोटारसायकलमागं पळायची आणि अख्खी पेठ बघायला लोटायची. एका पाडव्याला ऐन गर्दीत गाडी बंद पडली. किका मारून तो घामाघूम झाला, लोक हसायला लागले. त्यानं गाडी तिथंच सोडली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, जिभेनं 'टॉक' असा आवाज काढला आणि पन्नाशीतला तो गडी पळत सुटला. मागं म्हैस, शेपूट उडवत!

दुसऱ्या दिवसापासून त्यानं रंकाळ्यावर चालणं सोडलं आणि पळायलाच सुरुवात केली. "पळता येतंय हे ठावं असतं तर इतकी वर्षं चाललो असतो व्हय? चल, तूबी पळ!"

"मला न्हाय जमायचं, गुडघं दुखत्यात," मी म्हणालो.

मागं न बघता त्यानं फक्त 'टॉक' केलं.

आणि मी पळत सुटलो.