दाढेखालची तात

माझ्या सासऱ्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मटण आम्ही सगळ्यांनी सोडलं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. सासूबाईंनी मटणाचं भांडं आपणहून गोठ्यात नेऊन ठेवलं. लाखांदूरकडच्या त्या घरात मी नवीनच सून होते. माहेरी रश्श्यावर वाढलेल्या माझ्या जिभेचं काय, हा प्रश्न सत्तरच्या दशकात सुनेनं विचारायचा नव्हता.

सासरे खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, चोनका वाजवायचे. चोनका म्हणजे एका तोंडाला कातडं मढवलेलं लाकडी नळकांडं. कातड्याच्या मधून तात निघते, ती एका हातानं ताणायची आणि दुसऱ्यानं छेडायची. तात बकऱ्याच्या आतड्याची. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत सासऱ्यांचा चोनका लागल्याशिवाय शाहीर तोंड उघडत नसे. एवढा मान त्यांना घरात कधी मिळाला नाही. त्या एका दिवसावर ते वर्ष काढायचे.

त्या वर्षी मंडई तोंडावर आली आणि तात तुटली. बाजारातल्या पिंजाऱ्याकडून त्यांनी तीन तुकडे आणले. निवडायची त्यांची रीत ठरलेली: एक टोक दाढेखाली धरायचं, दुसरं ताणून छेडायचं. कान फसतो, दात फसत नाही, असं ते म्हणायचे. पण आता दाताला बकरं चालत नव्हतं. चोनक्याचं कातडंही बकऱ्याचंच होतं, पण तो हाताचा मामला, आणि हातानं काही माळ घातली नव्हती.

माझ्या नवऱ्यानं धरून पाहिलं. त्याला तिन्ही तुकडे सारखेच वाटले आणि तो धानाच्या बांधीत कामाला निघून गेला. सासूबाईंचे दात पडलेले. उरले मी, आणि माझ्याशी तर सासरे बोलत नसत.

"तिले म्हन, दातात धर," ते सासूबाईंना म्हणाले. मी हातभर अंतरावर बसले होते, पदर नाकापर्यंत, तोंडात आतडं. त्यांनी छेडलं.

"तिले इचार, कसा येते आवाज?"

"गोड येते," मी दातांतूनच बोलले.

"गोड कायले पायजे? जात्यावानी घरघर पायजे, पोटातून."

दुसरा तुकडा नुसताच किरकिरला. तिसऱ्याला मात्र माझं अख्खं डोकं घुमलं, डोळ्यांत पाणी आलं आणि मी सगळं विसरून ओरडले, "मामाजी, हाच!"

सासूबाईंनी डोळे वटारले. सासरे तो तुकडा बोटांवर फिरवत राहिले. त्यांचं समाधान होत नव्हतं.

"माळ काढून ठेवा खुंटीले, अन् एकडाव धरा दातात," सासूबाई म्हणाल्या. "लोकं तं तसा रस्सा खाऊन रायले."

"लोकायची माळ लोकायजवळ!" ते उसळले. हात मात्र माळेपर्यंत गेला होता. तिथेच थांबला.

मंडईत माझी तात वाजली. असा चोनका कधी ऐकलाच नाही, असं जो तो म्हणत होता. बायकांच्या घोळक्यात मी फुगून उभी होते. बाईनं चोनका वाजवायची रीत नव्हती; गंमतीत बाई व्हायलासुद्धा पुरुषच लागायचा. पण आवाज माझ्या दाताचा होता, आणि मला त्याचा भारी आनंद झाला होता.

संध्याकाळी मी पाण्याचा तांब्या पुढे केला. सासऱ्यांनी सासूबाईंना हाक मारली नाही, माझ्याकडेच पाहिलं.

"आवाज चांगला होता, बाई. माहा नवता."

पुढच्या वर्षी गंमतीची मंडळी बोलवायला आली तेव्हा त्यांनी हात दुखतो म्हणून सांगितलं. हाताला काही झालं नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी धानाचे भारे एकट्यानं वाहिले होते. मंडईच्या दिवशी ते ओसरीवर बसून राहिले. लांबून डफ आणि दुसऱ्याच कोणाचा तरी चोनका ऐकू येऊ लागला, तेव्हा त्यांनी दाढा आवळून धरल्या आणि गंमत संपेपर्यंत सोडल्या नाहीत.