अनेझूलाचा झगा

आमच्या ग्रीक बेटावरच्या ओलिंबोस गावात घर, शेत, दागिने, सगळं थोरल्या मुलीचं. धाकटीनं तिच्या घरी राबायचं आणि गप्प बसायचं. अनेझूला धाकटी. राबली खूप, पण गप्प काही बसली नाही; म्हणूनच माझं तिच्याशी पटलं. भिंतीला भिंत लागून घरं आमची.

भरतकामात तिचा हात धरणारी गावात कुणी नव्हती. थोरल्या रिगोपूलाचा लग्नाचा झगा तिनंच भरला आणि मग, कुणी सांगितलं नसताना, स्वतःचाही. बाह्यांवर लाल पाखरं, घेराला हिरवी वेल. तिचं लग्न कुणी केलंच नाही. झगा पेटीच्या तळाशी गेला. रिगोपूला नवऱ्याबरोबर बाल्टिमोरला गेली आणि ही तिचं घर, तिच्या शेळ्या सांभाळत राहिली.

तीस वर्षांनी रिगोपूला लेकीला, कालीत्साला, घेऊन आली. लग्न गावातच करायचं होतं. आठ दिवस आधी आईचा झगा घालून बघितला तर पोरगी ही उंच, घेर गुडघ्यावर! रिगोपूला रडायलाच बसली. तशा झग्यात नवरी देवळात गेली असती तर गावानं जन्मभर ऐकवलं असतं, आणि नवा भरायला दोन हिवाळे लागतात.

अनेझूला उठली, पेटी उघडली आणि आपला झगा कालीत्साच्या मांडीवर ठेवला. मावशीभाचीची उंची अगदी सारखी. रिगोपूलानं डोळे पुसले आणि विचारलं, "तू कधी अंगात घातला नाहीस ना?"

लग्नात घातलेला झगा पुढे लेकीला चालतो. लग्नाशिवाय कुणी घातलेला अपशकुनी. मी अनेझूलाला कोपरानं ढोसलं. नाही म्हण की बाई, काय जातंय तुझं!

"घातलाय," ती म्हणाली. "तू गेलीस त्या दिवशी. जहाज दिसेनासं झालं, घरी आले, घातला. संध्याकाळपर्यंत त्यातच पीठ मळलं."

रिगोपूलानं झगा बाजूला सारला. कालीत्सानं तो परत ओढून घेतला.

"कसा दिसत होता गं मावशी?"

"बरा दिसत होता. मानेमागचे बंद तेवढे सुटे राहिले. ते दुसरीनं बांधायचे असतात."

त्या दिवशी मी भिंतीपलीकडे चीज करत बसले होते. एक हाक मारायची होती तिनं मला.

"मग आत्ता घाल," कालीत्सा म्हणाली. "आई बांधेल. रविवारी मी हाच घालणार, शकुन गेला खड्ड्यात."

अनेझूला आत जाऊन झगा घालून आली आणि बहिणीकडे पाठ करून उभी राहिली. रिगोपूला जराशानं उठली. बंद हातात घेतले, पण तिला ती गाठ जमेना.

"कशी मारायची गं?"

"तुझे मी बांधले होते," अनेझूला मागे न बघता म्हणाली, "तेव्हा लक्ष द्यायचं होतंस."