आधी ताट, मग बाटली

बाटली उघडण्याआधी ते रस्सा तळहातावर घेऊन चाटायचे. "आधी ताट बोलू द्या, भाऊ. बाटली मागून."

वाइनचे शौकीन तुम्हीही पाहिले असतील, पण बहुतेक बड्या हॉटेलांत. आमचे हे मित्र सरकारी कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे आणि हैदराबादेत, बरकतपुऱ्यात म्हाताऱ्या आईसोबत राहायचे. लग्न केलं नव्हतं. "सगळ्या जोड्या जुळवता, स्वतःची राहिली," माझी बायको चिडवायची.

"जेवणाच्या जुळवतो, वहिनी. त्या भांडायला येत नाहीत."

एकदा मी गोव्याहून तांबडी, भारीपैकी वाइन आणली. घरी मिरची का सालन होतं, अख्ख्या मिरच्यांचा तिखट रस्सा.

"नक्को," ते म्हणाले. "ही मटणाची. चरबी असली की हिचा तुरटपणा मऊ पडतो. तिखटावर घ्याल तर जीभ पेटेल."

मी अर्थातच ऐकलं नाही. दोन घोटांत तोंड उघडं टाकून वारा घेत बसलो. त्यांनी थंडगार, जराशी गोडसर पांढरी पुढे केली. आग विझली. माझी अक्कल मात्र बायको अजून काढते.

गोडाला त्याहून गोड, आंबटाला तितकीच आंबट, आणि कोणी कोणाला दाबायचं नाही. त्यांचं शास्त्र एवढंच.

मग तेलंगण वेगळं झालं आणि कर्मचाऱ्यांची वाटणी निघाली. कोणाची शाळा कुठे झाली, त्यावर राज्य ठरायचं. यांची शाळा मामाकडे, विजयवाड्यात झालेली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचा हा हैदराबादी मराठी माणूस कागदावर आंध्रचा ठरला. अर्ज केला, तोही फेटाळला गेला; आता तिकडे जाणं आलं.

"आईंना घेऊन जा," मी म्हटलं.

"कसं विचारू? तिचा जन्म बरकतपुऱ्यात गेला. मी म्हटलं तर मन मारून येईल."

निघण्याआधी दोघांना आम्ही कुकटपल्लीला आमच्या घरी जेवायला बोलावलं. बायकोनं अंबाडीची भाजी केली होती. त्यांनी चांगली आंबट पांढरी आणली आणि मला अर्धा ग्लास ओतला. आईंनी ताक घेतलं.

"तिकडे ही भाजी मिळते का रे?" आईंनी विचारलं.

"गोंगुरा म्हणतात. रोज मिळेल."

"आणि भाकरी?"

"भात असतो, आई."

आईंचा हात ताटातच थांबला. "मला चल म्हणालासुद्धा नाहीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हटलं असतं. तरी विचारायचं असतं. लहानपणी एकट्याला धाडलं, तेवढं बस झालं."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "येतेस?"

"ज्वारी इथूनच न्यावी लागेल," आई म्हणाल्या आणि त्यांनी भाजी मागून घेतली.

सामान चढवायला मी गेलो होतो. ज्वारीचं पोतं, परात, तवा, आणि आईंच्या मांडीवर एक खोकं. आत बाटल्या. ज्या बाईनं त्यांना कधी बोट लावलं नव्हतं, तिनं एकेक बाटली आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळली होती.

"गाडी हळू घे रे बाबा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. खोकं दोन्ही हातांनी धरलेलं होतं.